कोपऱ्यातल्या घागरी

ताईबाई लोकांच्या घरात डोकावते असं कुणी म्हटलं, तर तिला भारी राग यायचा. डोकावायची गरजच काय? धुळ्याच्या खाली, पांझरेच्या काठावरच्या त्या एवढ्याशा गावात आज कोणत्या चुलीवर काय शिजतंय, कोणाची सून माहेराहून परतली नाही, कोणाची म्हैस आटली, हे सगळं तिला आपल्या उंबऱ्यात बसल्या बसल्या कळत होतं. आता उंबऱ्यात बसल्यावर कानात बोळे घालायचे की काय? तिचं माहेर पहूरचं. घरधनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेत मुलगा रुपचंद बघत होता, आणि गाव बघायचं काम ताईबाईनं आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

जर्मनची लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील. दसऱ्याच्या सुमारास गावाच्या शिवेला, तेल्यानं सोडून दिलेल्या घाण्याच्या पडवीत, एक ख्रिस्ती जोडपं राहायला आलं. भाईदास त्याचं नाव. भिल्लांच्या पोरांसाठी छोटी शाळा चालवायला मिशननं त्याला धाडलं होतं. बायकोचं नाव मार्था, आणि तिच्या कडेवर दया नावाची तान्ही मुलगी. पूर्वीचे तुम्ही कोण, असं पारावर विचारून झालं. आता आम्ही ख्रिस्ती, एवढंच भाईदासनं सांगितलं. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. कुणी त्यांना हाकललं नाही आणि कुणी बोलावलंही नाही.

ताईबाईचा जीव मात्र कासावीस झाला. गावातल्या प्रत्येकाचा देव तिला ठाऊक होता. कोणाचा खंडोबा, कोणाची कानबाई, कोणाची पिराची मन्नत, सगळं तोंडपाठ. मुसलमानांच्या वस्तीतली मेहरुन कोणत्या दर्ग्याला चादर चढवते तेही माहीत. आणि या लोकांच्या अंगणात तुळस नाही, घरात देव्हारा नाही, सांजेला दिवा लावतात तो नुसता उजेडासाठी. मग हे पुजतात तरी काय? माणूस काहीच न पुजता राहील कसा? शेण गोळा करायच्या निमित्तानं ती त्या बाजूनं दोन-चार खेपा मारून आली. पडवीच्या कुडाला भोकं होती. ती काही ताईबाईनं पाडलेली नव्हती.

दिसलं ते शेजारच्या वच्छलाबाईला सांगायलाच हवं होतं. वच्छलाबाई तिच्यापेक्षा वयानं लहान, पण चौकशीत तिच्या बरोबरीची. ताईबाईनं सांगितलं की तो मास्तर स्वतः घर झाडतो. बायको दळायला बसली की पोरीची घाणेरडी दुपटी धुतो. जेवायला बसतात तेव्हा दोघं डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात आणि मग एकत्रच जेवतात. वच्छलाबाईला त्यातलं दुपट्यांचंच नवल जास्त वाटलं. आपल्या नवऱ्याला हे कळू देऊ नये, नाहीतर ख्रिस्ती लोकांना तो आणखी शिव्या देईल, असं ती म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या.

पौषात ते हसू आटलं. रुपचंदची बायको भिकुबाई बाळंतपणात गेली. यावलची पोर, दोन वर्षांची संसारी, कधी उलटून बोलली नाही. मागं मुलगा ठेवून गेली. मृत्यूनं परत या घराकडं वळून पाहू नये म्हणून ताईबाईनं पोराचं नाव चिंधा ठेवलं. चिंधीला कोण हात लावतो, अशी आपली जुनी समजूत. पण पोर होतंही तसंच. मूठभर जीव, रडायला गेलं तर आवाज उंबऱ्यापर्यंत पोचायचा नाही.

शेळीचं दूध बोळ्यानं पाजून पाहिलं, पोर ओकलं. गाईचं पाणी घालून पाजलं, तेही ओकलं. गावात तीन बाया अंगावर पाजणाऱ्या होत्या. ताईबाई तिघींच्या दारी पदर पसरून आली. तिघींनी डोळ्यांना पदर लावला आणि तिघींनी नाही म्हटलं. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, आपल्या लेकराच्या मागं मागं येते, आणि त्याला जी पाजते तिचं लेकरू घेऊन जाते. ताईबाईला त्यांचा रागही धरता येईना. कारण उद्या दुसऱ्या कुणाचं पोर आलं असतं, तर तिनंच आपल्या सुनेला आडवं होऊन थांबवलं असतं.

अशा वेळी मार्था आली. अंगणाच्या कडेला, कुणाला शिवणार नाही अशा बेतानं उभी राहिली, आणि म्हणाली की अक्का, बाळाला थोडा वेळ माझ्याकडं द्या, मला दूध उतू जातंय. ताईबाईनं तिला तिथल्या तिथं परत पाठवलं. वाईट बोलली नाही, पण बरंही बोलली नाही. घरात येऊन पाहते तर चिंधानं डोळे उघडले होते आणि रडायचं सोडून दिलं होतं. रडणारं पोर बरं, असं ताईबाईच्या मनात आलं.

ती तडक पारावर गेली. तिथं भाऊबंदांतले वडीलधारे हिलाल नाना बसले होते. न्यायनिवाडा त्यांचाच चालायचा. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ताईबाईनं विचारलं की ख्रिस्त्याच्या घरचा कोरडा शिधा आपल्याला चालतो का. नाना म्हणाले, कोरडं चालतं, शिजवलेलं चालत नाही, हे काय आज विचारतेस. मग भिल्लाच्या गाईचं धारोष्ण दूध चालतं का? तेही चालतं, चुलीवर चढलं नाही तोवर त्याला विटाळ नाही. ताईबाईला एवढंच वदवून घ्यायचं होतं.

"मग नाना, मायनं दूध काय चुल्हावर शिजाडेल ऱ्हास का?" तिनं विचारलं.

पारावरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडं पाहू लागली. इतकी वर्षं शिवाशिवीचे निवाडे केले, पण हा सवाल कुणी नानांपुढं टाकला नव्हता. नानांनी तंबाखू मळली, पुन्हा मळली, आणि शेवटी म्हणाले की दात येईपर्यंत लेकराला कसली जात. नानांनाही नातवंडं होती. ताईबाई घरी पळतच आली.

मग रोजचा रिवाज सुरू झाला. ताईबाई चिंधाला घेऊन पडवीच्या ओट्यावर जायची, दुपट्यावर खाली ठेवायची आणि मागं सरायची. मार्था पुढं येऊन त्याला उचलायची, पाजायची, परत दुपट्यावर ठेवायची आणि मागं सरायची. मग ताईबाई उचलणार. दोघींचा पदरसुद्धा पदराला लागत नव्हता. पहिल्या दिवशी चिंधाला ओढताच येईना. मार्थानं दूध त्याच्या ओठांवर पिळलं, बोटानं गाल चोळला, आणि कितीतरी वेळानं पोर एकदाचं चुटुचुटु ओढू लागलं. ताईबाईला रडू आलं ते तिनं तोंड फिरवून पुसलं.

हडळीची भीती वाटत नाही का तुला, असं तिनं एकदा विचारलंच. न विचारता राहती तर ती ताईबाई कसली! तुझी पोर तान्ही आहे, ती आली तर काय करशील?

मार्था चिंधाच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "आली तर बसवीन, अक्का," ती म्हणाली. "म्हणेन, बघ बाई, पितोय तुझा. नीट पितोय."

त्या दिवशी ताईबाई घरी आली ती सरळ चिंधाला घेऊन आत गेली. वच्छलाबाईनं काय झालं म्हणून खोदून खोदून विचारलं, पण तिनं काही सांगितलं नाही.

खोटं कशाला बोला, विटाळ मात्र तिच्या मनातून गेला नव्हता. दूध कच्चं होतं, पण मांडी तर ख्रिस्तिणीची होती ना! म्हणून पडवीतून आणलं की ती चिंधाला आंघोळ घालायची. पाजायला न्यावं दिवसातून पाच-सहा वेळा आणि आंघोळीही तितक्याच. पौषाची थंडी, पांझरेवरून वारा येतोय, आणि हे मूठभर पोर सारखं पाण्यात. पोराचं नाक वाहायला लागलं, मग छाती घरघरायला लागली. ताईबाईनं दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, धुरानं खोकला आणखी वाढला. मार्थानं पोराची छाती कानाशी लावून ऐकली, त्याची ओली जावळं चाचपली आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. ती रागावली नाही. अक्का, त्याला एवढ्या आंघोळी सोसणार नाहीत, एवढंच बोलली. माझ्याकडून नेल्यावर हवं तर तुम्ही आंघोळ करा, त्याला राहू द्या. ताईबाईच्या कानशिलात वाजवल्यासारखं झालं. त्या दिवसापासून चिंधाची आंघोळ दिवसातून एकदा, तीही उन्हात. तिची स्वतःची मात्र सुरू राहिली, पण पंधरवड्यात तिलाच सर्दी झाली आणि मग तीही बंद पडली.

पोरानं बाळसं धरलं. आणि पोराची काळजी मिटली तसा ताईबाईचा जुना किडा पुन्हा वळवळू लागला. ही बाई हे सगळं का करते? काय पाहिजे हिला? ताईबाई शिधा पाठवायची, तूप पाठवायची, डिंक-मेथी पाठवायची. ते मार्था घेत होती, पाजणाऱ्या बाईला खावं तर लागतंच. पण त्या शिध्यासाठी कुणी असं करत नाही, हे न कळण्याइतकी ताईबाई भोळी नव्हती. जगात फुकट काही मिळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फुकटात मिळालेल्या वस्तूची किंमत पुढं कशी मोजावी लागते तेही तिनं पाहिलं होतं.

एकदा ती मुद्दाम लवकर गेली, कोणाला आधी पाजते ते बघायला. आपल्या पोटच्या पोरीला पोटभर आणि परक्याच्या पोराला उरलंसुरलं, असं असणारच, त्यात काही चूक नाही, असं तिचं म्हणणं. पण पाहते तर दया भोकाड पसरून रडतेय, मास्तर तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतोय, आणि मार्था तिला न पाजता वाट बघत बसलीय. चिंधा आला, तो आधी प्याला, मग दया.

"तिला का थांबवलंस?" ताईबाईनं विचारलं.

"ती रडून मागते, अक्का. ह्याला अजून मागता येत नाही."

ताईबाईनं हे वच्छलाबाईला सांगितलं तेव्हा वच्छलाबाईनं मान हलवली. तिचं म्हणणं पडलं की अक्का, तू नातवाच्या पायी आंधळी झालीस. बाजारात तिनं ऐकलं होतं की ख्रिस्ती लोक माणसाच्या डोक्यावर पाणी घालतात, आणि एकदा पाणी घातलं की तो माणूस त्यांचा. त्याचं नाव बदलतं, नातीगोती तुटतात. आज दूध पाजतील, उद्या पाणी घालतील, आणि चिंधा तुझा राहणार नाही. रुपचंदचं रक्त, भिकुबाईची निशाणी, आणि तुला पाणी पाजायला कुणी नाही. ताईबाई तिच्यावर खेकसली. पण ते शब्द तिच्या मनात रुतून बसले, आणि चार दिवसांनी तिनं जे पाहिलं त्यानं तर तिची झोपच उडाली.

फाल्गुनातली पहाट. म्हशीची दोरी सुटली म्हणून ती अंधारातच उठून नदीच्या वाटेला गेली होती. बघते तर भाईदास मास्तर नदीतून वर येत होता. डोक्यावर घागर, हातात कळशी, आणि घागरीच्या तोंडाला पांढरंशुभ्र फडकं बांधलेलं. हळू हळू, जपून, थेंब सांडू न देता चालत होता. आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होता. ताईबाई बाभळीआड उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम उठून गेली. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पुरुष माणूस, मास्तर, आणि डोक्यावर पाणी वाहतो? ताईबाईनं जन्मात गड्याला नदीवरून पाणी आणताना पाहिलं नव्हतं. पाणी भरायचं ते बायांनी, आणि विहिरीवरून. पहाटे, अंधारात, गाणं म्हणत, फडक्यानं झाकून नदीचं पाणी आणतात ते प्यायला थोडंच?

सापडली, या लोकांची पूजा सापडली! पण सापडल्याचा आनंद झाला नाही.

आता पडवीत गेलं की तिची नजर कोपऱ्यात जायची. तिथं सारवलेल्या चौथऱ्यावर दोन घागरी असत, तोंडाला फडकं बांधलेल्या. त्यांतलं पाणी मार्था फार जपून घ्यायची. दयाचं तोंड पुसायचं तर फडक्याचं टोक भिजवून. हात धुवायचे ते पोरीच्या आंघोळीच्या उरलेल्या पाण्यात. घरातल्या साध्या पाण्याला कोणी इतकं जपतं का? तीर्थालाच जपतात तसं. ताईबाईची खात्री पटत गेली. हे पाणी साठतंय ते चिंधाच्या डोक्यासाठी. त्याला दात आले की.

आणि पोराला पाजायला न्यायचं थांबवावं, तर पोर जगत नाही. नेत राहावं, तर पोर जातं. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते हेच. एकदा तिनं शेळीचं दूध पुन्हा देऊन पाहिलं. चिंधानं तोंड वळवलं आणि हातपाय झाडले. ताईबाई मुकाट्यानं उठली आणि त्याला घेऊन निघाली. पण आता ती ओट्यावर मागं सरत नव्हती. मार्थाच्या जवळ, अगदी हाताच्या अंतरावर बसून राहायची आणि पोराच्या टाळूवरून नजर हलवायची नाही. मार्थाला वाटलं, अक्काचा विटाळ गेला. तिला बरं वाटलं. तिनं बसायला गोणपाट टाकलं.

वैशाख तापला. झाडाखाली बसवेना असं ऊन. एका दुपारी वच्छलाबाई धापा टाकत आली. मास्तरची बदली झाली होती, जळगावकडं, फैजपूरच्या बाजूला. उद्या पहाटे गाडी येणार. पडवीत बोचकी बांधली जात आहेत. ताईबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. चिंधाला अजून दात नव्हते, भाताची पेज त्याच्या पोटात ठरत नव्हती. ती धावत निघाली, आणि वाटेतच तिला मार्था भेटली. मार्था तिच्याकडंच येत होती. अक्का, तुमच्याकडं एक मागायचंय, ती म्हणाली. घरी चला, हेही आहेत.

आलं शेवटी. ताईबाईला हायसंच वाटलं म्हणा ना. इतके महिने जे कळत नव्हतं ते आता कळणार होतं. पडवीत बोचकं एकच होतं, पण तेवढं पाहायला तिला भान कुठलं. भाईदास उभा होता. कोपऱ्यात त्या घागरी होत्या. ताईबाई चिंधाला छातीशी घट्ट धरून बसली आणि तिनंच बोलायला सुरुवात केली.

"तुले काय जोयजे ते सांगी टाक," ती म्हणाली. चिंधावर तिनं पदर ओढला. "गाय माग, शेताचा तुकडा माग, मी रुपचंदला सांगते. पण हे पोर नको मागू. ते पाणी ह्याच्या डोक्यावर नको घालू, बाई. तुझ्या पाया पडते."

आणि ती खरंच वाकली. मार्थानं घाईनं तिचे हात धरले. त्या दोघींचा एकमेकींना हात लागला तो त्या दिवशी पहिल्यांदा. नवरा-बायको एकमेकांकडं बघत राहिले. कोणतं पाणी, हे त्यांना कळेचना. ताईबाईनं बोट दाखवलं. पहाटेचं, झाकून आणलेलं, जपून ठेवलेलं. मी पाहिलंय सगळं, मला फसवू नका.

भाईदासनं मान खाली घातली. मार्थानं कोपऱ्यात जाऊन एका घागरीचं फडकं सोडलं, वाटी बुडवली आणि पाणी ताईबाईच्या पुढं धरलं. गढूळ होतं. तळाला वाळू बसली होती.

"हे आमचं प्यायचं पाणी आहे, अक्का," ती म्हणाली. "गावाच्या विहिरीवर आम्हांला येता येत नाही ना. हे नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं भरून आणतात. उजेडात गेलं तर कपडे धुणाऱ्या बाया वरच्या अंगाला जाऊ देत नाहीत, म्हणून पहाटे."

ताईबाई त्या वाटीकडं बघत राहिली. गावातल्या कोणत्या घरी आज मीठ उसनं मागितलं हे जिला ठाऊक, कुडाच्या भोकातून जिनं यांची दुपटीसुद्धा मोजायची ठेवली नव्हती, तिच्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं की ही माणसं पाणी कुठलं पितात. रोज पाच-सहा वेळा ती इथं येत होती. पाजणाऱ्या बाईला तहान किती लागते हे तिला माहीत नव्हतं? रुपचंदच्या वेळी तिनं स्वतः तांबेच्या तांबे रिते केले होते. आणि विहीर तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. चिंधाला पोरीच्या आधी मिळालेलं ते दूध या गढूळ पाण्याचं झालेलं होतं, घोट घोट मोजून प्यालेल्या पाण्याचं.

"मग मागायचं काय होतं तुला?" तिनं विचारलं.

मार्थानं सांगितलं. बदली झाली होती खरी, पण ती मास्तरची. ती स्वतः जाणार नव्हती. चिंधाला अन्न पचायला लागेपर्यंत ती दयाला घेऊन इथंच राहणार होती, मग पावसाळ्यानंतर तो येऊन तिला नेणार होता. दोघांचं ठरलं होतं. पण पाणी आणायला आता घरात माणूस नव्हता, आणि दोन तान्ही लेकरं टाकून तिला नदीवर जाता येणार नव्हतं.

"रोज दोन घागरी पाणी, अक्का," ती म्हणाली. "वरून ओतलंत तरी चालेल. मी घागर लांब ठेवीन."

एवढंच. इतके महिने ताईबाई ज्याची वाट बघत होती, ज्याच्या भीतीनं तिला झोप लागत नव्हती, ते मागणं एवढंच होतं. तिला वाटलं, हिनं पोर मागितलं असतं तर बरं होतं. तेव्हा भांडता तरी आलं असतं. ती उठली, चिंधाला मार्थाच्या मांडीवर ठेवलं, खाली दुपटं न टाकता, हातातून हातात, आणि घरी गेली. रात्री ती जेवली नाही. रुपचंदनं विचारलं तर म्हणाली, पोट भरलंय.

पहाटे गाडी आली. भाईदासनं बोचकं गाडीत टाकलं आणि सवयीनं घागर घेऊन नदीकडं निघाला, शेवटची खेप करून जावी म्हणून. वाटेत ताईबाई उभी होती. खांद्यावर विहिरीचा दोर. तिनं त्याच्या डोक्यावरची घागर काढून घेतली. तो नको नको म्हणत होता, पण ताईबाईपुढं बोलून कुणी जिंकलंय का? तुझी गाडी थांबलीय, बैलांना ऊन लागेल, असं म्हणून तिनं त्याला वळवलं. तो गाडीत बसेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मार्था दारात दोन्ही पोरं घेऊन उभी होती. चिंधा जागा होता आणि गाडीच्या घुंगरांकडं बघत होता.

मग ताईबाई मागच्या बोळानं न जाता मधल्या गल्लीनं विहिरीवर गेली. तांबडं फुटलं होतं, बायांची गर्दी जमली होती. हिलाल नाना पारावर दात घासत बसले होते. ताईबाईनं काठावर जागा केली आणि घागरीच्या गळ्याला फास घातला. घागर गावातली नव्हती हे बायांनी लगेच ओळखलं. आपल्या घागरी त्यांनी मागं ओढल्या. कुणीतरी कुजबुजलं, कुणी पदर तोंडाला लावला. पारावरून नाना उठून उभे राहिले. वच्छलाबाई तेवढी जवळ सरकली, तिला राहवतंय कशाला.

"हाई कोनी घागर शे, अक्का?" तिनं विचारलं.

ताईबाईनं फास आवळून पाहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं.

"मन्हा नातूनी मायनी."

नातवाची माय! वच्छलाबाईचं तोंड उघडंच राहिलं. गल्लीत पुढं आलेले नानाही थांबले. ताईबाईनं दोर सोडला. वैशाखाचं पाणी तळाला गेलं होतं, त्यामुळं घागर पाण्याला टेकायला बराच वेळ लागला.